सोडणे आणि सोडवणे

मराठीत ‘सोडणे’ हे एकच क्रियापद दोन उलट अर्थांनी चालते. पिंजऱ्यातला पक्षी सोडला म्हणजे त्याची सुटका केली. म्हाताऱ्या आईला वाऱ्यावर सोडले म्हणजे तिच्याकडे पाठ फिरवली. पाळलेला प्राणी नकोसा झाल्यावर माणूस त्याला तळ्यात, नदीत किंवा रानात सोडतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला अर्थ असतो आणि हातून बहुधा दुसरा घडतो. प्राणी परमुलखातून आणलेला असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण मग त्या सोडण्याचा भोग त्या प्राण्यापुरता राहत नाही. तळ्यात आधीपासून नांदणाऱ्या जिवांनाही तो भोगावा लागतो. जीवदया आणि अभयदान यांना परमधर्म मानणाऱ्या परंपरांनी या कृतीकडे कसे पाहावे, तिच्यात पुण्य आहे की दोष, आणि दोष असेल तर तो नेमका कुठे सुरू होतो, हा प्रश्न आता पुस्तकी उरलेला नाही.

तो सर्वांत ठळकपणे उभा करणारा प्राणी म्हणजे डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव, रेड-इअर्ड स्लायडर. मिसिसिपी नदीचे खोरे आणि मेक्सिकोच्या आखाताकडे वाहणारे पाणवठे हे त्याचे मूळ घर. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ते मिळते तेव्हा तळहातावर मावेल एवढे, पोपटी रंगाचे आणि चपळ असते. मुले हट्ट करतात. मोठ्यांना घरात कासव असणे शुभ वाटते, त्यात वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांची भर पडते. भारतातील बहुतेक देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ती घरात ठेवणे गुन्हा ठरतो. म्हणून बाजाराने परदेशी कासव पुढे केले. अमेरिकेने स्वतः १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकायला बंदी घातली, कारण त्यांच्यामुळे मुलांना साल्मोनेलाची लागण होत होती. तिथल्या पैदास केंद्रांतली पिले त्यानंतर जगभर जात राहिली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या कासवाची आयात थांबवली, तोवर तिथल्या तळ्यांत ते स्थिरावले होते. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परकीय प्रजातींची जी यादी आयुसीएन या संस्थेकडून प्रसिद्ध होते, तिच्यात त्याचे नाव आहे.

तळहातावरचे हे कासव काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढे होते आणि वीस, तीस, कधी चाळीस वर्षेही जगते. काचेची पेटी अपुरी पडते, पाण्याला वास येतो, मुले कॉलेजात जातात, घर बदलते. त्याला मारायचे तर मन धजत नाही. अशा वेळी घरातले कोणीतरी जवळच्या तळ्याचे नाव घेते, आणि ते तळे देवळाचे असले तर सगळ्यांच्या मनावरचे ओझे उतरते. कासव विष्णूचा अवतार आहे, शिवालयात नंदीसमोर जमिनीत कोरलेले कासव प्रत्येकाने पाहिलेले असते. देवाच्या पाण्यात ते सुखाने राहील, अशी समजूत होते. या समजुतीत ढोंग नसते. ती खरोखरच्या मायेतून आलेली असते, आणि म्हणूनच तिची तपासणी करणे जास्त गरजेचे आहे.

तळ्यात पुढे काय घडते ते थोडक्यात असे. कासव थंड रक्ताचे. अन्न पचवायला, कवच निरोगी ठेवायला त्याला उन्हात बसावे लागते. दगड, ओंडके, काठावरची उघडी जागा या त्याच्या दृष्टीने चुलीएवढ्या महत्त्वाच्या गोष्टी. अंगाने दांडगे स्लायडर देशी कासवांना त्या जागांवरून हुसकावते. बेडकांची पिले, गोगलगाई, पाणकिडे, लहान मासे, पाणवनस्पती, जे मिळेल ते खाते. मादी वर्षातून अनेकदा अंडी घालते. बाजारातून आलेले रोगजंतूही ते सोबत आणू शकते. तळ्याकडे पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही, कारण हुसकावलेले कासव तक्रार करत नाही आणि न जन्मलेला बेडूक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आसामातील एक उदाहरण या सगळ्याचा अर्क आहे. काळ्या मऊ कवचाचे कासव, शास्त्रीय नाव निल्सोनिया निग्रिकान्स, २००२ मध्ये निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद आयुसीएनने केली. ते उरले होते देवळांच्या आणि दर्ग्यांच्या तळ्यांत: हाजो येथील हयग्रीव माधव मंदिराचे तळे, त्रिपुरातील त्रिपुरसुंदरी मंदिराचे कल्याणसागर, बांगलादेशातील चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याचे तळे. भाविकांनी शतकानुशतके कासवांना हात लावला नाही, त्यांना अन्न घातले, आणि रानात संपली असे मानली गेलेली जात श्रद्धेच्या आवारात टिकली. गुवाहाटीतील उग्रतारा मंदिराचे तळेही अशांपैकीच. त्याच तळ्यात, आणि शहराजवळच्या दीपोर बील या अभयारण्यात, २०१८-१९ मध्ये रेड-इअर्ड स्लायडर आढळले. ज्या भक्तिभावाने देशी कासव राखले, त्याच भक्तिभावाच्या वाटेने त्याचा प्रतिस्पर्धी पाण्यात उतरला. श्रद्धा दोन्हीकडे एकच. मग फरक कशात पडला?

उत्तरासाठी अभयदानाच्या कल्पनेकडे जावे लागते. जैन परंपरा आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने मानते आणि अभयदानाला फार वरचे स्थान देते. हिंदू परंपरेत शरणागताला अभय देणे हा क्षत्रियाचा आणि साधूचाही धर्म आहे. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि स्वामी त्याला अभय देतात. पारध्यांची समजूत घालून झाल्यावर ते सशाला जाऊ देतात. जिथून तो आला त्याच रानात तो परत जातो. ही प्रसंगातली साधीशी बाब सहज नजरेआड होते, पण अभयदानाचे सगळे व्याकरण तिच्यात आहे: भय दूर केले, आणि जीव त्याच्या स्वतःच्या जागी राहिला.

बौद्ध परंपरेतही हेच दिसते. सुवर्णप्रभास सूत्रात जलवाहन नावाच्या वैद्यपुत्राची कथा आहे. आटत चाललेल्या डोहात दहा हजार मासे तडफडताना त्याला दिसतात. तो राजाकडून वीस हत्ती मागून घेतो, त्यांच्या पाठीवर पखालींतून पाणी आणतो आणि डोहात ओततो. माशांना तो कुठे हलवत नाही. पाणी त्यांच्याकडे आणतो. या कथेच्या आधाराने चीनमध्ये जीव सोडण्याचा विधी रुजला, फांगशेंग या नावाने. सहाव्या शतकात त्येनताई पंथाचे आचार्य झियी यांनी कोळ्यांना मासेमारी सोडायला लावली. तांग सम्राट सुझोंग याने ७५९ मध्ये राज्यभर ८१ मोचन-तळी स्थापन केली. मिंग काळात झुहोंग (१५३५–१६१५) या भिक्षूने हा विधी सामान्य गृहस्थांच्या घरापर्यंत नेला. पण वाटेत कुठेतरी जलवाहनाची कृती उलटी झाली. पाणी जिवापाशी नेण्याऐवजी जीव पाण्यापाशी नेला जाऊ लागला, आणि नेण्यासाठी तो आधी पकडावा लागला, विकावा लागला, विकत घ्यावा लागला.

या उलट्या प्रकाराची जाणीव चिनी विचारवंतांना फार आधीच झाली होती. लिएझी या ताओवादी ग्रंथात एक गोष्ट आहे. हानदानचे लोक नववर्षाच्या सकाळी झाओ जिएनझी या सरदाराला पारवे भेट देत. तो त्यांना मोठे इनाम देई आणि दया दाखवायची म्हणून पारवे उडवून देई. एका पाहुण्याने त्याच्या ध्यानात आणून दिले की, तुम्ही सोडणार हे ठाऊक असल्यामुळेच लोक पारवे धरायला धावतात आणि त्या धरपकडीत कितीतरी मरतात. पारवे जगावेत असे खरोखर वाटत असेल तर पकडायला बंदी करा. पकडून सोडण्याने झालेली हानी भरून येत नाही. सरदाराला ते पटले. आजच्या पाखरांच्या बाजारावर, देवळापुढे पिंजरे घेऊन बसणाऱ्यांवर, यापेक्षा नेमके भाष्य सापडणे कठीण आहे. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख याच दिशेचा आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने पोपट, मैना, हंस, कासव अशा कितीतरी प्राण्यांना अवध्य ठरवले, जिवंत किडे असलेला भुसा जाळू नये, रान विनाकारण पेटवू नये, एका जिवाला दुसरा जीव खाऊ घालू नये असे नियम कोरून घेतले. त्यातला भर हानी होऊ न देण्यावर आहे.

फांगशेंगच्या आधुनिक रूपाचे परिणाम नोंदले गेले आहेत. चीनच्या युन्नान प्रांतात बाजारातून घेऊन सोडलेले अमेरिकन बुलफ्रॉग पाणवठ्यांत स्थायिक झाल्याचे संशोधकांना आढळले. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये एका धार्मिक समारंभात शेकडो अमेरिकन लॉबस्टर आणि डन्जनेस खेकडे समुद्रात सोडले गेले. ते परत पकडण्यासाठी सरकारला कोळ्यांना पैसे द्यावे लागले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने संबंधितांना दंड केला. चीनने २०१६ मध्ये सुधारलेल्या वन्यजीव कायद्यात परिसंस्थेला धोका पोचेल अशा प्रकारे प्राणी सोडण्यावर बंधन घातले. सोडणाऱ्यांचा हेतू या प्रत्येक ठिकाणी निर्मळ होता. आणि इथेच तत्त्वज्ञानाचा खरा पेच येतो: हेतू निर्मळ असताना दोष लागतो का?

बुद्धाच्या शिकवणीत चेतना, म्हणजे संकल्प, हेच कर्म. या भूमिकेचा सोयीस्कर अर्थ असा काढला जातो की, दयेने सोडले ना, मग पुढचे आपल्या खात्यावर नाही. पण बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरा हेतूच्या जोडीला अवधान ठेवतात. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्याच प्रमादाच्या अंगाने केली आहे: बेसावधपणाच्या योगाने प्राणांचा घात होणे ही हिंसा. प्रमाद म्हणजे दुष्टपणा नव्हे. पाहायला हवे होते तिथे न पाहणे, विचारायला हवे होते तिथे न विचारणे, एवढ्यानेही तो पुरा होतो. जैन मुनीसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी दोन इथे थेट लागू पडतात. आदान-निक्षेपण समिती सांगते की वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा नीट निरखावी. उत्सर्ग समिती सांगते की टाकायची गोष्ट, मग ते मलमूत्र का असेना, जिथे जीव नाहीत अशी जमीन पाहूनच टाकावी. टाकाऊ पाणी ओतण्यासाठीही खालची माती तपासणारा हा आचार आहे. त्याच्या कसोटीवर काचेच्या पेटीतले कासव, तळ्यात काय नांदते ते न पाहता ओतून देणे, हा उघड दोष ठरतो. मुनींचे नियम गृहस्थाला पूर्ण लागू नसतील. पण पाहून ठेवावे ही बुद्धी कोणत्याही आश्रमाची मक्तेदारी नाही.

दोष सुरू कुठे होतो, याचे उत्तरही तत्त्वार्थसूत्रातच मिळते. अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे, पाच अतिचार किंवा दोष तिथे सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिला अतिचार बांधून ठेवणे हा आहे. म्हणजे कासव तळ्यात सोडले त्या दिवशी गोष्ट बिघडली असे नाही. दुकानातून पेटीत आणले त्या दिवशी ती बिघडली होती. आणि शेवटचा अतिचार, अन्नपाणी तोडणे, हा पाळीव प्राण्याला रानात टाकणाऱ्याला लागतो, कारण जन्मभर हाताने भरवलेल्या जिवाला स्वतःचे अन्न शोधता येईलच असे नसते. पुष्कळ सोडलेले प्राणी भुकेने, थंडीने, कुत्र्यांच्या तोंडी मरतात. जे मरत नाहीत ते इतरांना मारतात. या दोन शेवटांच्या मधला, सुखाने राहणाऱ्या मुक्त प्राण्याचा तिसरा शेवट सोडणाऱ्याच्या मनात असतो, आणि तो क्वचितच घडतो.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. सात्त्विक दान योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला दिलेले; अयोग्य देशकाळी, अपात्राला, अनादराने दिलेले ते तामस. टीकाकारांनी ‘देश’ म्हणजे तीर्थक्षेत्र असा अर्थ घेतला. अभयदानाच्या बाबतीत मात्र या शब्दाचा साधा अर्थच सर्वांत खोल आहे. जिवाला त्याचा देश असतो: ठरावीक पाणी, ठरावीक ऋतू, ठरावीक शत्रू. मिसिसिपीच्या खोऱ्यात स्लायडरची अंडी खाणारे रॅकून आहेत, पिले गिळणारे मगरवर्गी प्राणी आहेत, कडक थंडी आहे. तिथे तो कोणाचा काळ नाही. देश बदलला की तोच निरुपद्रवी जीव आपत्ती ठरतो, आणि यात त्याचा काडीचाही अपराध नाही.

म्हणून ‘परका’ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो पासपोर्टचा प्रश्न नाही, आणि परक्याविषयीच्या द्वेषाला इथे शास्त्राचा आधार शोधू नये. पितृपक्षात ज्याच्या काकस्पर्शासाठी घरोघर वाट पाहिली जाते तो आपला कावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला नेला गेला, तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला, आणि तिथल्या लहान पक्ष्यांची घरटी लुटू लागला. केनियाने २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारण्याचा कार्यक्रम जाहीर केला. इथे ज्याला पितरांचे पान वाढले जाते तोच पक्षी तिथे विष घालून मारला जातो, आणि दोन्ही ठिकाणी माणसे आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

देशाच्या सीमेआतही हेच घडते, हे महाशीर माशाने दाखवले आहे. महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावाने महाशीर राखले आहेत; तिथे गळ टाकायचा नाही असा गावांचा संकेत आहे. टोर खुद्री या दख्खनी महाशीरची शास्त्रीय ओळख साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून करून दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दुर्मीळ होत चालला, तेव्हा लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिले वाढवली गेली आणि देशातल्या नद्यांना वाटली गेली. कावेरीलाही ती मिळाली. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महाशीर होता. नवागतांची संख्या वाढत गेली, कुबडवाला हटत गेला, आणि २०१८ मध्ये आयुसीएनने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांनीही त्याला गांजले हे खरे. तरी एका नदीतला देवाचा मासा दुसऱ्या नदीत घुसखोर ठरला. ‘देशी’ आणि ‘परकी’ हे शब्द राष्ट्राला लावण्यापेक्षा नदीला लावले तर बरेचसे गोंधळ टळतात.

ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना याच जातीच्या चुकीवर बोट ठेवले आहे. यज्ञातल्या हिंसेला अहिंसा म्हणणाऱ्यांना आणि एका जिवाच्या औषधासाठी दुसरे जीव, झाडेझुडपे उपटणाऱ्यांना ते दृष्टान्त देतात: झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण करावे, तशी ही अहिंसा. त्यानंतर ते खऱ्या अहिंसकाच्या चालण्याचे जे वर्णन करतात, पायाखाली जीव येईल म्हणून जपत टाकलेल्या पावलाचे, ते सगळे अवधानाचे वर्णन आहे. दया ही त्यांच्या लेखी नुसती उचंबळून येणारी भावना नाही. ती पायाच्या तळव्यापर्यंत पोचलेली दृष्टी आहे. एका कासवाची कणव येऊन त्याला तळ्यात टाकणाऱ्याला त्या एका कासवापलीकडचे काही दिसत नाही. त्याची दया खरी आहे, पण तोकडी आहे.

महाभारतातल्या शिबीराजाच्या कथेत हा तोकडेपणा ससाणा बोलून दाखवतो. शरण आलेल्या कबुतराला राजाने अभय दिल्यावर ससाणा म्हणतो की हे माझे अन्न आहे; याला वाचवून तू मला आणि माझ्या पिलांना मारतो आहेस. ही कथा शतकानुशतके त्यागाची म्हणून सांगितली गेली. ती हिशेबाचीही कथा आहे. ससाण्याचा दावा खोटा नाही, हे शिबी मान्य करतो. अभय दिले की त्याची किंमत कुठेतरी कोणालातरी चुकवावी लागते, हे त्याला कळते. आणि ती किंमत तो स्वतःच्या मांडीचे मांस कापून तराजूत घालतो. पाळीव कासव तळ्यात सोडणारा मनुष्यही एका जिवाला वाचवतोच. पण त्याची किंमत तो बेडकांकडून, पाणकिड्यांकडून, देशी कासवांकडून वसूल करतो, आणि स्वतःच्या पदरी पुण्य बांधून घरी येतो. पेटी मोठी घेणे, पाणी बदलत राहणे, वीस वर्षे खाऊ घालणे ही त्याच्या वाट्याची मांडी होती. ती त्याने झाकून ठेवली.

इथवरचा विचार सोडण्याच्या कृतीविषयी झाला. खरी कसोटी त्यानंतर लागते: सोडलेला जीव पसरला, आता त्याचे काय करायचे? फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात पाळलेले आणि निसटलेले बर्मी अजगर पसरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगरांच्या फैलावानंतर तिथल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकूनची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. २०१७ मध्ये तमिळनाडूतील इरुळा जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल हे सर्पतज्ज्ञ तिथे बोलावले गेले. मागावरून अजगर शोधण्याच्या त्यांच्या विद्येपुढे तिथली साधने फिकी पडली. दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे धरलेले अजगर सहसा मारले जातात. तोच अजगर त्याच्या आशियातील मूळ घरी संकटात आहे आणि भारतात त्याला मारणे गंभीर गुन्हा आहे.

पाश्चात्त्य विचारवंतांत या मुद्द्यावर उघड फूट आहे. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ च्या पुस्तकातून आलेली भूमिनीती जीवसमुदायाचे अखंडपण आणि स्थैर्य हा निकष मानते. समुदाय वाचावा म्हणून काही प्राणी मारावे लागले तर ते तिला मान्य होते. प्राणिहक्कांचे पुरस्कर्ते टॉम रीगन यांनी १९८३ मध्ये या विचाराला पर्यावरणीय फॅसिझम म्हटले, कारण त्यात एकेका जिवाला स्वतःचे मोल उरत नाही. भारतीय परंपरांत दोन्ही बाजूंना आधार सापडतो. जैन आचारशास्त्र संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार करते आणि गृहस्थाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य मानते. आक्रमक प्राण्यांचे निर्मूलन ठरवून केलेले असते, म्हणून ते संकल्पी. त्याला विरोधी, म्हणजे स्वसंरक्षणासाठीच्या, हिंसेच्या सवलतीत बसवणे ओढाताणीचे आहे. श्वेतांबर तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू यांनी अठराव्या शतकात आणखी कठोर प्रश्न विचारला होता: मांजराच्या तोंडून उंदीर हिसकावून घेणे हा अध्यात्माच्या दृष्टीने धर्म आहे का? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. बळाने एकाला वाचवताना दुसऱ्याला दुखावले जाते; ती लौकिक दया, मोक्षमार्गातली दया नव्हे. त्यांच्या समकालीनांना हे निष्ठुर वाटले आणि अनेकांना आजही वाटते. तरी निसर्गाच्या व्यवहारात हात घालण्याआधी थबकायला लावणारा हा विचार जीव सोडणाऱ्यालाही लागू आहे आणि सोडलेले जीव मारायला निघालेल्यालाही.

गांधीजींची भूमिका वेगळी पडते. १९२६ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातली साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा उठलेल्या वादात त्यांनी ‘यंग इंडिया’तून लेखमाला लिहिली. बेवारस कुत्र्याला तुकडा टाकून पुढे जाणे ही त्यांच्या मते दया नव्हती. कुत्रा पाळायचा तर त्याचा मालक व्हावे, त्याची पूर्ण जबाबदारी घ्यावी. बेवारस जनावर रस्त्यावर असणे ही समाजाच्या दयेची नव्हे, अज्ञानाची खूण आहे. मारणे हे पाप आहेच, पण आधीच्या निष्काळजीपणामुळे कधी ते अटळ होते, आणि मग त्या पापाचे वाटेकरी निष्काळजी राहिलेले सगळेच असतात. हा विचार परक्या प्राण्यांना लावला तर तळ्यातले स्लायडर धरणाऱ्या वनरक्षकाकडे क्रूर म्हणून बोट दाखवता येत नाही. त्याच्या हातून जे घडते त्याची सुरुवात दुसऱ्याच कोणीतरी, मऊ मनाने, काठावर बसून केलेली असते. त्यातही मारण्याआधीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत: धरून बंदिस्त तळ्यात आयुष्यभर सांभाळणे, अंडी काढून घेणे, नर-मादी वेगळे ठेवणे. त्या महाग आणि संथ आहेत. पांजरपोळांची दीर्घ परंपरा असलेल्या समाजाला त्या अशक्य नाहीत. गायी-बैलांसाठी जे उभे राहिले ते नको झालेल्या कासवांसाठीही उभे राहू शकते.

कायद्याने अलीकडे काही पावले टाकली आहेत. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी ते स्वेच्छेने जाहीर करावेत अशी मुभा दिली. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार आला. दुकानाच्या काउंटरवर मात्र अजून एका पिशवीत पाणी आणि कासव बांधून मिळते, आणि ते किती वर्षे जगणार हे कोणी सांगत नाही.

मनूच्या माशाची कथा या काउंटरवर सांगण्याजोगी आहे. सकाळी हात धुताना ओंजळीत आलेला चिमुकला मासा त्याच्याकडे रक्षण मागतो. मनू त्याला घटात ठेवतो. घट पुरेनासा होतो तसा मोठ्या पाण्यात, मग गंगेत, आणि शेवटी समुद्रात नेतो. प्रत्येक टप्प्यावर मासा वाढतो आणि प्रत्येक वेळी मनू त्याच्यासाठी जागा शोधतो. कंटाळून जवळच्या डबक्यात टाकत नाही. समुद्र ही त्या माशाची खरी जागा, आणि तिथे पोचवल्यावरच मनूचे पालकत्व पुरे होते. दुकानातून आणलेल्या कासवाचा समुद्र मिसिसिपीत आहे आणि तिथे त्याला कोणी पोचवू शकत नाही. म्हणून त्याचे पालकत्व त्याच्या आयुष्याएवढेच लांब आहे. घेणाऱ्याला ते जमत नसेल तर प्राणिसंग्रहालय, वनखाते किंवा प्राणिमित्र संस्था यांच्याकडे ते सोपवता येते. तळे या यादीत बसत नाही.

हाजोच्या तळ्याकाठी मऊ कवचाच्या कासवाची मादी आजही अंडी घालते. तळ्याला पायऱ्या बांधल्यामुळे वाळूचा काठ कमी उरला, तेव्हा देवस्थानची माणसे आणि अभ्यासक मिळून अंडी जपू लागले, ती उबवू लागले. त्यातून निघालेली पिले पोबितोरा अभयारण्यातील पाणथळीत सोडली गेली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ते पाणी त्यांच्या पूर्वजांचे होते.